मी न बोललेली सात मिनिटं

कॅज्युअल्टीत लहान लेकरू आलं की मला बोलावणं यायचं. मी वरच्या वॉर्डात असो की डबा उघडून बसलेली असो, आमचे वॉर्डबॉय मामा जिना चढून यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "सिस्टर, चला लवकर. लेकराची शीर सापडून नाही राहिली कुणाला." मी हात धुवायचे, खाली जायचे, लेकराची मूठ माझ्या मुठीत धरायचे आणि अंगठ्यानं कातडी जराशी ताणून बघायचे. बहुतेक वेळा पहिल्या टोचणीत सुई आत. बाजूला उभे असलेले शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे बघायचे. मी काही बोलायचे नाही, पण ते बघणं मला हवं असायचं. दिवसभर पुरायचं ते मला.

नांदेडच्या त्या रुग्णालयात मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. बिलोली तालुक्यातलं माझं गाव. घरात शेती, आणि पगाराच्या नोकरीला लागलेली मी पहिलीच. सणाला गावी गेले की बाप चारचौघांत सांगायचा, "आमची पोरगी नसली तर तिथले डागदर हात लावत न्हाईत लेकराला." तसं काही नव्हतं. पण मी त्याला कधी अडवलं नाही.

मग ती आली.

ती लातूरची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पुण्यात चार वर्षं लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम केलेलं. अपघातात एकाच वेळी डोकं, पोट, हातपाय असा सगळीकडे मार लागलेलं लेकरू पहिल्या तासात कसं सांभाळायचं, याचं वेगळं प्रशिक्षणही तिनं घेतलेलं होतं. नवऱ्याची बदली नांदेडला झाली म्हणून ती आमच्याकडे रुजू झाली. दोन दिवसांत सगळे तिला 'लातूरवाली' म्हणायला लागले. मीही म्हणायचे. बाकीचे हसून म्हणायचे, एवढाच फरक.

नांदेडच्या माणसाला लातूरचं कौतुक ऐकायला तसंही जड जातं. त्यांचे क्लास, त्यांचे निकाल, त्यांची डॉक्टर झालेली पोरं. आता त्यांची सिस्टरही आमच्यापेक्षा भारी निघाली, एवढंच बाकी राहिलं होतं.

पहिल्याच महिन्यात कॅज्युअल्टीची एक भिंत तिची झाली. कोणी कुठं उभं राहायचं, कोणी मान धरायची, कोणी कपडे कापायचे, कोणी श्वासाकडे बघायचं, सगळं मोठ्या अक्षरात लिहून तिनं चिकटवलं. एक रंगीत पट्टी आणली. लेकराला झोपवलं की पट्टी डोक्यापासून टाचेपर्यंत लावायची. टाच ज्या रंगावर येईल त्यावरून अंदाजे वजन आणि औषधाचं माप कळायचं. दर शनिवारी सकाळी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला खाटेवर झोपवून ती सगळ्यांकडून सराव करून घ्यायची. कॅज्युअल्टीचे प्रमुख सर हाताची घडी घालून बघत उभे राहायचे. चौदा वर्षांत सर माझ्याकडे तसे बघत उभे राहिले नव्हते.

पहिल्या सरावाला तिनं मला विचारलं, "ताई, तुम्ही नोंदीला थांबाल का? दर तीन मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब लिहायचं. नोंद अनुभवी माणसाकडं पाहिजे."

"आन् शीर?" मी विचारलं.

"शीर तुम्हीच बघा. पण दोनदाच. दोनदा नाही सापडली, नाहीतर दीड मिनिट झालं, की थांबायचं. मग हाडातून."

हाडातून म्हणजे गुडघ्याखाली नडगीच्या हाडात जाड सुई घालून तिथून सलाईन आणि रक्त द्यायचं. रक्त जाऊन लेकरू थंड पडलं की शिरा चिकटून बसतात, हाडाची पोकळी मात्र तशीच राहते. मी हे शिकताना वाचलं होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं केलं होतं. आणि माझ्या हातात तिनं कागद अडकवलेली पाटी आणि पेन दिलं.

त्यानंतरचे माझे दिवस कसे गेले ते सांगायला लाज वाटते. जेवायच्या सुट्टीत तिच्याभोवती किती जणी बसल्या ते मी मोजायचे. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांनी संपवली की माझी भाजी मी मुद्दाम झाकून ठेवायचे. एकदा ती रंगीत पट्टी मी दुसऱ्या कप्प्यात सरकवून ठेवली आणि ती पाच मिनिटं शोधताना बघत राहिले. मग मीच काढून दिली. "ताई, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मला त्याचाही राग आला.

घरीही तेच. एका संध्याकाळी नवरा ताट पुढं ओढत म्हणाला, "तिचं काढल्याशिवाय तुला घास जात न्हाई का?" तो शाळेत शिक्षक आहे, बोलायला तसा सौम्य. मी त्याला म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं. तो म्हणाला, "आमच्या शाळेत पण हायत की असे पुढं जाणारे. पण मी त्यांना घरी आणत न्हाई."

सगळ्यात लागलं ते माझ्या मुलीचं. नऊ वर्षांची होती. सायकलवरून पडली, गुडघा फुटला. मी तिला दवाखान्यातच घेऊन गेले. माझ्या हातात कापूस होता, आणि पोरगी ओरडत होती. लातूरवाली तिथून चालली होती. ती खाली वाकली आणि म्हणाली, "तू फक्त मला सांग, आता गार लागलं की गरम?" पोरगी विचार करायला लागली आणि ओरडायची थांबली. तेवढ्यात गुडघा धुऊन झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा माझी मुलगी मला म्हणाली, "त्या काकूंकडून करू ना आई. तुझा हात लागतो."

ती दुपार आली तेव्हा हे सगळं माझ्या पोटात होतं.

माहूरचं दर्शन घेऊन परतणारी एक जीप भोकरच्या अलीकडे पलटी झाली होती. मोठ्या माणसांना खरचटलं, एकाचा हात मोडला. पण पाच वर्षांची एक मुलगी पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटून बाहेर फेकली गेली होती. जवळच्या दवाखान्यानं पाय फळीला बांधून, ऑक्सिजन लावून तिला आमच्याकडे पाठवलं. फोन आधी आला होता, त्यामुळं सगळे आपापल्या जागी उभे होते. मी खाटेच्या डाव्या अंगाला, पायथ्याशी, पाटी घेऊन.

अ‍ॅम्ब्युलन्सचं दार उघडलं आणि आधी आई दिसली. कपाळावर वाळलेलं रक्त, हिरव्या पातळाचा पदर फाटलेला. ती स्ट्रेचरला धरूनच आत आली. माझी जुनी सवय अशी की नातेवाईक आधी बाहेर. मी हात आडवा केलाच होता, तेवढ्यात लातूरवाली म्हणाली, "माय, तुम्ही इकडं या. हिच्या कानापाशी उभ्या राहा. मान हलवू नको म्हणावं, आणि बोलत राहा. घरच्या म्हशीचं बोला, कशाचं पण बोला."

ती बाई खरंच म्हशीचं बोलायला लागली. "आपली म्हैस वाट बघून राहिली बग. तू गेल्याबिगर पान्हा सोडत न्हाई ती." मुलगी रडत होती, पण मान स्थिर होती.

डोक्याला मागे चार बोटांची जखम. डावी मांडी सुजून वाकडी झालेली, आत हाड मोडलेलं. ओठ पांढुरके. हात गार. लातूरवालीनं रंगीत पट्टी लावून वजन सांगितलं. सर उशाशी उभं राहून श्वास आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघत होते. त्यांनी पोट दाबून बघितलं तेव्हा ते मऊ होतं. पोटाच्या सोनोग्राफीचं यंत्र वर बाळंतिणींच्या वॉर्डात होतं, मामा ते आणायला गेले.

मला शीर बघायला सांगितलं. मी तिची मूठ धरली. पहिली टोचणी रिकामी गेली. दुसऱ्या हाताची दुसरी, तीही. मला तिसऱ्यांदा करायचं होतं. मनगटाजवळ एक बारीक रेघ दिसत होती, मला खात्री होती.

"ताई, झालं. दीड मिनिट," लातूरवाली म्हणाली.

"सापडली हाय मला."

"ताई, थांबा."

सर म्हणाले, "सिस्टर, थांबा." ते मला म्हणत होते. मी बाजूला झाले. तिनं उजव्या पायाची नडगी पुसली, कारण डावा पाय मोडलेला, आणि सुई फिरवत आत घातली. दहा-पंधरा सेकंद. सलाईन सुरू झालं. कोणीतरी हळूच "वा" म्हणालं.

मी पाटीकडे परत आले. माझे कान तापले होते.

मग मुलीचा फ्रॉक कापायचा होता. कात्री दुसऱ्या सिस्टरच्या हातात, ती उजवीकडून कापत आली आणि डावीकडचा तुकडा मी ओढून काढला. तेव्हा मला दिसलं. डाव्या बरगड्यांच्या खाली एक आडवा वळ. फार ठळक नाही, तांबूस, तीन-चार बोटं रुंद. लोखंडी दांडा जिथं लागला असेल तिथं. बाकी सगळे उशाशी आणि मांडीशी होते. माझ्या बाजूनं बघणारी मी एकटी. दुसऱ्याच क्षणी लातूरवालीनं गरम केलेलं पांघरूण मुलीच्या छातीपासून खाली टाकलं. अंग गार पडू द्यायचं नाही, हे तिचंच शिकवणं. वळ झाकला गेला.

मी नाडी बघितली. एकशे अठ्ठावीस. लिहिली.

लेकरांचं शरीर मोठ्या माणसासारखं नसतं. आतून रक्त जात असलं तरी रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. त्याआधी सांगते ती नाडी. हे मला चौदा वर्षांपासून माहीत होतं. लातूरवाली यायच्या आधीपासून.

तीन मिनिटांनी एकशे चव्वेचाळीस. रक्तदाब ठीक. लिहिलं.

ती तेव्हा मांडीला ताण देऊन बांधायच्या कामात होती. तिला वाटलं असेल, नाडी दुखण्यानं वाढली. पांघरूण उचलून पोट परत बघायला पाहिजे होतं, आणि ते तिच्याच भिंतीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी त्या ओळीकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मला आठवतं मी काय विचार केला ते, शब्द न् शब्द आठवतो: बघू, हुशार बाईच्या लक्षात येतंय का.

पुढच्या तीन मिनिटांनी एकशे अठ्ठावन्न. मी तेही लिहिलं, नीट, वळणदार.

आई म्हशीचं बोलतच होती. मुलीचं रडणं मात्र बारीक झालं होतं. तिनं एकदा "पाणी" म्हटलं आणि डोळे अर्धे मिटले. ते बारीक झालेलं रडणं ऐकून माझ्या अंगातली वाफ एकदम निघून गेली. मी पाटी टाकली आणि पांघरूण ओढलं.

"डाव्या बरगडीखाली वळ हाय. नाडी चढून राहिली. सर, पोट बघा."

वळ आता निळसर झाला होता. सरांनी हात ठेवला. पोट फुगलेलं, कडक. तेवढ्यात मामा यंत्र घेऊन आले. पडद्यावर प्लीहेभोवती काळी पट्टी दिसली, म्हणजे रक्त. रक्तपेढीत फोन गेला, पिशवी आली, हाडातल्या त्याच सुईतून रक्त सुरू झालं. अर्ध्या तासानं नाडी खाली यायला लागली. ऑपरेशनची तयारी करून ठेवली होती, पण पोट उघडावं लागलं नाही. रक्तस्राव आपोआप थांबला.

वळ दिसल्यापासून मी बोलले तोपर्यंत सात मिनिटं गेली होती. माझ्याच हातानं लिहिलेल्या वेळा आहेत त्या.

शनिवारी सगळ्यांपुढं सरांनी माझं कौतुक केलं. "वळ कुणी बघितला? सिस्टरनी. अनुभव म्हणतात तो हा." लातूरवालीनं सगळ्यात आधी टाळी वाजवली. म्हणाली, "माझं चुकलं. पांघरूण टाकल्यावर मी परत बघितलं नाही. ताई नसत्या तर काय झालं असतं." तिनं हे पन्नास माणसांपुढं म्हटलं, मान वर ठेवून. मला टाळ्या मिळत होत्या आणि मी तिच्याकडे बघत विचार करत होते की चूक कबूल करायलासुद्धा हिला किती सोपं जातं.

दोन दिवसांनी ड्रेसिंगच्या सामानाच्या खोलीत ती माझ्याजवळ आली. हातात त्या दिवसाच्या नोंदीचा कागद होता.

"ताई, एकशे चव्वेचाळीस, मग एकशे अठ्ठावन्न. तुम्हाला कळलं नव्हतं?"

"गडबड होती," मी म्हणाले आणि कापसाचे गठ्ठे मोजायला लागले.

ती कागद घडी करून गेली.

मुलगी वरच्या वॉर्डात होती. कमरेपासून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर. मी रोज जायचे. कामाचं निमित्त काढून जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती चांगली बोलायला लागली. मला बघून तिनं आईला विचारलं, "ती पट्टीवाली कुठं हाय? रंगाची पट्टी?"

आई म्हणाली, "येतील की त्या." मग माझ्याकडे वळून, "लई मोठं मन हाय त्या बाईचं. माझ्या हाताला धरून लेकीच्या कानापाशी उभं केलं मला. बाहेर ठिवलं असतं तर मी मेलेच असते." ती माझ्याकडे नीट बघायला लागली. ओळख पटली तशी म्हणाली, "तुम्ही लिहून राहिल्या होत्या न्हवं?"

"हाव," मी म्हणाले. "मी लिहीत होते."

मी बाहेर आले ते थेट मागच्या जिन्यावर. दुपारची पाळी बदलायची वेळ होती. लातूरवाली पिशवी घेऊन खाली चालली होती. मी तिला थांबवलं.

"मला वळ दिसला होता. फ्रॉक काढला तेव्हाच. पांघरूण टाकायच्या आधी."

ती दोन पायऱ्या खाली होती. तिनं वर बघितलं. "कामून बोलला नाहीत?"

"तुझं चुकतंय का ते बघत होते." मग तेही पुरेसं खरं वाटलं नाही, म्हणून म्हणाले, "तुझा हेवा वाटतो मला. तू आल्यापासून."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर 'असू द्या ताई' म्हणेल. तिनं यातलं काही केलं नाही. तिचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला तोंडावर शिव्या द्यायच्या होत्या. सरांकडं तक्रार करायची होती. काय पण करायचं होतं. तुम्ही त्या लेकराच्या अंगावरून माझ्याशी भांडलात." ती खाली उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज तळापर्यंत ऐकू आला.

त्यानंतर ती माझ्याशी कामाशिवाय बोलेनाशी झाली. जेवायला मी बसले की ती उठायची. माझं मन असं होतं की ती सरांना सांगेल याची मी रोज वाट बघायचे. तिनं सांगितलं असतं तर मला तिचा मनसोक्त राग करता आला असता. तिनं कुणालाच सांगितलं नाही. दीडेक महिन्यानं शेवटी मीच सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. सरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. म्हणाले, "यावेळी सात मिनिटांनी काही बिघडलं नाही." मग म्हणाले, "मला आधी वाटायचं, मी माणसं ओळखतो." त्यांनी मला तीन महिने कॅज्युअल्टीतून काढून बाह्यरुग्ण विभागात टाकलं. लोकांना कारण सांगितलं नाही. मी तिथं बसून लेकरांची वजनं करायचे आणि खालून स्ट्रेचरचा आवाज आला की माझे पाय आपोआप उठायचे.

परत आले तेव्हा भिंतीवरच्या यादीत एक ओळ वाढली होती. नोंद करणाऱ्यानं प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि जे दिसेल ते बोलायचं, समोर कुणीही असो. तिचंच अक्षर. पहिल्या सरावात तिनं ती ओळ सगळ्यांना समजावली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, आणि बघायचं टाळलंही नाही. मी पाटी घेऊन उभी होते. बाहुलीचा आकडा मी इतक्या मोठ्यानं वाचला की दारातले मामा दचकले.

पुढं विष्णुपुरीकडून गच्चीवरून पडलेला एक पोरगा आला. मग शेतातल्या ट्रॅक्टरखाली सापडलेली दोन वर्षांची पोरगी. मी आकडे ओरडत राहायचे आणि ती दर वेळी म्हणायची, "ऐकलं." फक्त एवढंच. ट्रॅक्टरखालची पोरगी वाचली नाही. त्या दिवशी काम संपल्यावर आम्ही दोघी हात धुवायच्या बेसिनपाशी उभ्या होतो आणि तिनं पाणी बंदच केलं नाही. मी हात पुढं करून नळ फिरवला. ती म्हणाली, "ताई, चहा घ्यायचा का?" आम्ही बाहेर टपरीवर गेलो आणि चहा प्यायलो. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली.

प्लास्टरवाली मुलगी पुढं तपासणीला आली ती चालत. जराशी लंगडत होती, तेही जाईल म्हणाले. आईनं दुधाची बाटली आणली होती, त्याच म्हशीची. ती तिनं लातूरवालीच्या हातात दिली. मी शेजारी उभी होते. लातूरवालीनं बाटली माझ्या हातात ठेवून म्हटलं, "वळ यांनी बघितला होता." आई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकले. त्या पोरीच्या आईला मी खरं सांगू शकले नाही, आजपर्यंत नाही.

दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती लातूरला परत गेली. निरोपाला कॅज्युअल्टीतले सगळे रडले. मामा सुद्धा. मी घरी येऊन विचार करत बसले की मी गेले तर कोण रडेल.

गेल्या हिवाळ्यात लातूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. लहान मुलांचे अपघात, पहिला तास. शिकवणारी ती. आमच्याकडून मला आणि एका नव्या सिस्टरला पाठवलं. उदगीर, निलंगा, अहमदपूर, कुठकुठून चाळीसेक सिस्टर आल्या होत्या. तिनं फळ्यावर तीन आकडे लिहिले. एकशे अठ्ठावीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे अठ्ठावन्न. मी वहीतलं लिहिणं थांबवलं. तिनं सगळं सांगितलं, गावं आणि माणसं बदलून. पांघरूण टाकल्यावर आपण परत बघितलं नाही, तेही सांगितलं. एका पोरगेल्या सिस्टरनं विचारलं, "मग लिहिणारी का बोलली नाही, मॅडम?"

"ते तिलाच माहीत," ती म्हणाली आणि फळा पुसायला वळली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मला सोडवत होती ती.

मी उभी राहिले. का, ते मला नक्की सांगता येत नाही. कदाचित तिनं मला सोडवावं हेच मला सहन झालं नाही. "लिहिणारी मी होते," मी म्हणाले. "मला यांचा हेवा वाटत होता. यांचं चुकावं असं वाटत होतं म्हणून मी गप्प राहिले."

मग मागून उदगीरची एक जाडसर बाई म्हणाली, "आमच्याकडं दोघी हायत. चार वर्षं एकमेकीशी बोलत न्हाईत. त्यातली एक मीच." कोणीतरी हसलं, मग बऱ्याच जणी हसल्या. लातूरवालीनं खडू खाली ठेवला, खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "चला, हे आधी बोलू या. सुया नंतर." पुढचा पाऊण तास बायका बोलत होत्या. असा वर्ग मी कधी बघितला नव्हता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मी बोलून गेले होते आणि तिनं दोन मिनिटांत त्यातून चाळीस जणींना बोलतं केलं होतं. मी बसून बघत होते. छातीत तीच जुनी जळजळ होती.

जेवणाच्या वेळी ती माझ्यापाशी आली. "तुम्हाला बोलायची गरज नव्हती."

"माहीत आहे."

"पुढच्या वेळी नोंदीचा भाग तुम्ही शिकवाल का?"

ती देत होती म्हणून ते घ्यायला मला जड गेलं. तरी मी हो म्हणाले, आणि फार लवकर म्हणाले.

आता त्या प्रशिक्षणाला मी शिकवायला जाते. सकाळी तिचा तास असतो, दुपारी माझा. तिचा तास संपतो तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात कागद चाळत उभी असते, आणि आत टाळ्या किती वेळ वाजतात ते कान देऊन ऐकते.